बंदूक खाली ठेवणारे कर्नल

इतिहासकाराने सत्याखेरीज कुणापुढेही वाकू नये, असं सौदीतल्या आमच्या जुबैलच्या कामगार कॅम्पचे सुरक्षाप्रमुख चहाचा कप हातात घेऊन, उभ्यानेच सांगत. ते रुमानियाच्या सैन्यातले निवृत्त कर्नल. रेजिमेंटचा इतिहास लिहून झाल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या. जमावावर गोळ्या झाडायचा हुकूम आला तेव्हा आपण बंदूक कशी खाली ठेवली, ते पान ते मेसमध्ये वाचून दाखवत आणि शेवटी स्वतःच चष्मा पुसत.

या उन्हाळ्यात खोल्यांचे एसी बंद पडले आणि कामगारांनी शिफ्टच्या बसमध्ये चढायला नकार दिला.

"कर्नलसायब आपले हायत रे, त्यांनी जमावावर गोळी नाय झाडली," म्हणत राजापूरचा एक वेल्डर निर्धास्तपणे त्यांच्याशी बोलायला गेला. कर्नलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला मॅनेजरसमोर नेलं आणि म्हणाले, "म्होरक्या हा."

दुसऱ्या दिवशी त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द करून त्याला विमानात बसवलं. गावातलं त्याचं घर अजून जोत्यापर्यंतच आलं होतं.

त्या संध्याकाळी मेसमध्ये मी चहाचा कप बाजूला ठेवला. मी विचारलं, "कर्नल, मग तेव्हा बंदूक कशी खाली ठेवलीत?"

"तेव्हा?" त्यांनी कपातली साखर ढवळली. "तेव्हा मी रजेवर होतो."