अक्कांच्या मांडणीवरची भांडी

जालना जिल्ह्यात आमच्या अक्कांएवढी भांडणं आणि अक्कांएवढी भांडी दुसऱ्या कोणी गोळा केली असतील, यावर माझा बिलकुल विश्वास नाही. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. लग्न त्यांनी केलंच नाही. कॉलेजात असताना मुलींसाठी संडास पाहिजे म्हणून प्राचार्यांच्या दारात ठिय्या देऊन बसल्या, तिथून उठल्या त्या जिल्ह्यातल्या बाकीच्या दारांत बसायला. विद्यार्थ्यांच्या पुढारी होत्या तेव्हाचा आवाज अजून तसाच आहे. भोकरदनच्या आमच्या घरात त्यांनी मीठ मागितलं की समोरच्या किराणावाल्याला वाटतं आपल्यालाच मागितलं. एकदा तर तो पुडा घेऊन आलाही होता. सकाळी पोहे करायचे की उपीट, यावरही त्या सगळ्यांना हात वर करायला लावतात. मतं विरुद्ध पडली की बैठक तहकूब होते आणि आम्ही मुकाट्याने पोहे खातो.

नवऱ्याने मारून हाकललेल्या बायका त्यांच्याकडे येतात. पोलीस ठाणं, कोर्ट, पोटगी हे सगळं अक्का करतातच, पण त्याआधी टेम्पो घेऊन त्या बाईच्या सासरी जातात आणि तिच्या माहेरून आलेली, तिचं नाव घातलेली भांडी घेऊन येतात. कोर्टाचं व्हायचं तेव्हा होईल, बाईला स्वतःच्या परातीत पीठ मळता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. जिला अजून घर नाही तिची भांडी आमच्या मांडणीवर राहतात. ती वापरायची नाहीत, कारण ती ठेव आहे. दिवाळीला चिंच लावून घासायची मात्र मी.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझी भांडी अक्कांनी स्वतः लावून दिली, तीही वेगळ्या फळीवर. म्हणाल्या, "हे अलग राहू दे. उद्या काही झालं तर जल्दी सापडलं पाहिजे." समोर त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे आमचे हे, चहा पीत बसले होते. अंगाची हळद अजून उतरायची होती. ह्यांनी बशी खाली ठेवली आणि जे गरीब झाले ते आजतागायत.

हसनाबादची एक सासू सुनेची घागर काही केल्या देईना. घागर घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणून अक्का ओसरीवर बसल्या. पण रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नाही. जवळच सुपात तुरीची डाळ होती, ती निवडायला घेतली. थोड्या वेळाने सासूही शेजारी येऊन निवडू लागली. संध्याकाळपर्यंत डाळ निवडून झाली, सासूची स्वतःची गाऱ्हाणी सांगून झाली आणि घागरही मिळाली. पुढच्या वर्षी त्या सासूचीच भांडी आमच्याकडे आली.

अक्कांचा एकच हट्ट मला कधी पटला नाही. केदारखेड्याच्या सुलोचनाचा तांब्याचा हंडा आणि तांब्या त्यांनी असेच भांडून आणले होते. सुलोचना काही महिने आमच्याकडे राहिली, पण तिची तान्ही पोरगी सासरच्यांनी ठेवून घेतली होती. शेवटी त्या पोरीसाठी ती परत गेली. जाताना तिने भांडी मागितली. ज्या घरातून काढून आणली त्या घरात परत पाठवणार नाही, असं सांगून अक्कांनी ती दिली नाहीत, वर तिच्याशी बोलणंही टाकलं. बाजारात ती समोर आली की अक्का वांग्यांकडे वळायच्या आणि एकेक वांगं उलटंसुलटं करून पाहायच्या. वांगी त्या खात नाहीत.

परवा सुलोचना दारात उभी राहिली, केस पार पांढरे झालेले. पोरीचं लग्न ठरलं होतं आणि सुलोचनाला स्वतःच्या बापाने दिलेला हंडा तिला द्यायचा होता. आपलं म्हणून द्यावं असं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. अक्का नाही म्हणाल्या तर काय, असं मला वाटून गेलं. त्यांनी सवयीने आधी पोरीचं वय विचारलं. तेवीस, जालन्याला नर्स आहे, असं कळलं. मग इतक्या हळू बोलल्या की हा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं.

"मारतो का अजून?"

"न्हाई. थकला आता."

अक्का गुडघा धरून उठल्या. मला हंडा उतरवायला लावला, पण घासायला दिला नाही. पाठमोऱ्या बसून स्वतःच घासू लागल्या आणि तशाच म्हणाल्या, "त्या टायमाला मी तुझ्याशी बोलणं टाकायचं नव्हतं. माझं चुकलं."

"हंडा दिला न्हाई ते बराबर केलं, अक्का," सुलोचना म्हणाली. "आधी लई राग आल्ता. मंग वाटाया लागलं, आपलं भांडं तिथं हाय म्हणजे उठून जायला एक घर हाय. त्यालाबी ते ठाऊक होतं."

मला रडू आवरेना. अक्का घासतच राहिल्या; हंडा केव्हाच लख्ख झाला होता.

सुलोचनाने हंडा धडप्यात बांधला. तांब्या मात्र हातात घेऊन नाव घातलं होतं तिथे अंगठा फिरवला आणि परत मांडणीवर ठेवला.

"ह्यो राहू द्या इथं," ती म्हणाली. "पोरीसाठी."

पोरगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, असं पायरी उतरेपर्यंत ती सांगत होती. अक्का हो हो म्हणत होत्या. ती गेल्यावर त्यांनी तांब्या उतरवला, पदराने पुसला आणि जिथे होता तिथे ठेवून दिला.