बाबांचे डोळे आणि नवा टीव्ही

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. राजूरच्या घाटातून त्यांनी दिवसा, धुक्यात, पावसात गाडी किती वेळा उतरवली असेल, याची गणती नाही. निवृत्त होऊन अमडापूरच्या घरी बसल्यावर त्यांचा दिवस बातम्या आणि क्रिकेट यांत जायचा. मी बुलढाण्याला शाळेत शिकवते. सुट्टीला घरी आले की दिसायचं, बाबांचं स्टूल टीव्हीच्या आणखी जवळ सरकलेलं आहे. मला वाटलं, टीव्हीच जुना झाला. तो ढेरीवाला डबा होताच तसा. माणसांचे चेहरे हिरवट दिसायचे आणि चित्राचा एक कोपरा कायम काळा.

"बाबा, नवा घेऊ," मी म्हटलं.

"काऊन उगाच? चालून तर राह्यला."

आईने मात्र लगेच साडी बदलली. चिखलीला दुकानात जायचं ठरलं, तेव्हा बाबा म्हणाले, "मले काय समजते त्यातलं. तुम्हीच पाहून या." ड्रायव्हर माणूस, नव्या यंत्राचं नाव काढलं की पुढे होणारा, तो घरी राहिला. मला त्याचं आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुकानात भिंतभर टीव्ही लावले होते आणि सगळ्यांवर तेच पोपट उडत होते. दुकानदार आम्हाला त्रेचाळीस इंचाकडे ओढत होता. मी निघण्यापूर्वी बाबांच्या खाटेपासून भिंतीपर्यंत टेप लावून पाहिला होता, जेमतेम सात फूट. "बत्तीसच दाखवा," मी म्हटलं, "आणि पोपट बंद करून बातम्या लावा." मला खालच्या पट्टीतली अक्षरं बघायची होती, कारण बाबा तीच वाचायचे. आई मागे सरकत दारापर्यंत गेली आणि तिथून तिने पट्टी मोठ्याने वाचली. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. फारसं नाव नसलेल्या कंपनीचा, पण आमच्या ऐपतीतला आणि दोन वर्षांच्या गॅरंटीचा टीव्ही आम्ही घेतला. ऑटोत तो खोका मांडीवर घेऊन आई नव्या सुनेसारखी ताठ बसली होती.

लावला मीच. दोन पाय स्क्रूने बसवले, टेबलावर उभा केला. डिशच्या जुन्या डब्याच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी होत्या, त्या मागे जुळवून दिल्या. चित्र आलं, आवाज आला. दारातून पडद्यावर ऊन पडत होतं आणि माझी बस सुटायची वेळ झाली होती. "कसा आहे?" मी चपला घालता घालता विचारलं.

"मस्त आहे," बाबा म्हणाले.

दोन आठवड्यांनी मी परत घरी आले. बाबा स्टुलावर होते आणि स्टूल नव्या टीव्हीपासून दोन हातांवर. मी फोनवर रोज विचारायचे, तर "मस्त आहे" हेच उत्तर. मी पिशवी खाली ठेवली आणि पडद्याकडे पाहिलं. बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. खालची अक्षरं एकमेकांत मिसळलेली.

"बाबा, हे असंच दिसतं का रोज?"

"कसं?"

"धूसर. पाण्यातून पाहिल्यासारखं."

बाबांनी रिमोट मांडीवर ठेवला. माझ्याकडे वळले.

"तुलेबी धूसर दिसते?"

"हो तर."

"खरं सांग."

"बाबा, खरंच. मला ती पट्टी वाचता येत नाही."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "मलेबी तसंच दिसते. मी म्हटलं, मोठ्या टीव्हीचं असंच असन."

बाबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मग म्हणाले, "मले वाटलं, गेले आपले डोळे. शुगर आहे ना. त्या जुन्या टीव्हीवर दिसत नव्हतं, तर म्हटलं टीव्हीच खराब असन. नवा आणला तरी तसंच. मंग काय समजाचं माणसानं?"

"अहो, मंग सांगाचं नाही का?" आई चिडून म्हणाली.

"सांगून काय व्हते? पोरीनं एवढा हौसेनं आणला."

दुकानात न येण्याचं कारण मला तेव्हा कळलं. तिथे कुणी पट्टी वाचायला सांगितली असती तर? ज्या माणसाला दरवर्षी डोळे तपासूनच स्टेअरिंग हाती मिळायचं, तो ती परीक्षा टाळत होता. आणि मी घाईने वायरी खुपसून बस पकडली होती. दोन आठवडे त्यांनी त्या धुरकट चित्रासमोर बसून स्वतःला आंधळं होताना पाहिलं होतं.

बाजारातल्या डिशवाल्या काकांना मी फोन केला. बाबांच्याच वयाचे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. ते दुपारी आले, टीव्हीच्या मागे डोकावले आणि हसले.

"ताई, टीव्ही नवा आणला, पण पाणी जुन्याच नळातून येऊन राह्यलं. हा डबा जुना, ह्या वायरी जुन्या. याच्यातून साफ चित्र येतच नाही."

त्यांनी नवा एचडी डबा बसवला. तीन वायरींच्या जागी एकच जाड वायर आली. "सगळे चॅनेल एचडी घ्याची गरज नाही," ते म्हणाले, "जे पाहता तेवढेच घ्या." बातम्यांचा एक आणि क्रिकेटचे दोन घेतले. मग चित्र आडवं ताणलेलं होतं ते सेटिंगमधून सरळ केलं, दुकानात लावलेले भडक रंग कमी केले. "आता पाहा, दादा."

बाबा स्टुलावरून उठले आणि मागे खाटेवर जाऊन बसले. बाईच्या कपाळावरची टिकली दिसत होती, तिच्या साडीचा काठ दिसत होता. खालची पट्टी सरकत होती. बाबा मोठ्याने वाचायला लागले. सोयाबीनचे भाव, कुठेतरी रस्ता बंद, कुठेतरी शाळेला सुट्टी. काकांचा चहा झाला तरी त्यांचं वाचन चालूच. जाहिरातीतली अक्षरंसुद्धा सोडली नाहीत. आई पदराआड हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मग त्यांनी आपणहून एक डोळा तळहाताने झाकला. नंतर दुसरा.

"डावा जरा कमी आहे," ते म्हणाले. "दाखवून येऊ एकदा."

शुगर आहे, डोळे एकदा दाखवून घ्या, म्हणून वर्षभर मी मागे लागले होते.

पुढच्या शनिवारी आम्ही चिखलीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. थेंब टाकून तासभर बसवलं. बाबा डोळे मिटून बसले होते. तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, "शुगरचा डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर काही परिणाम नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण घाई नाही. चष्म्याचा नंबर बदललाय, तो घ्या. आणि दरवर्षी या."

"म्हणजे पडदा चांगला आहे?"

"चांगला आहे."

"दोन्हीचा?"

"दोन्हीचा, काका."

बाबांनी त्यांना हात जोडले. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवरच बसले. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी एका दमात अर्धी केली. "चल," म्हणाले, "तुह्या आईले फोन लाव. घोर करत असन."

बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. थेंबांमुळे ऊन सहन होत नव्हतं, म्हणून रुमाल कपाळावर ओढलेला. तरी अमडापूर येईपर्यंत बोलत होते. कुठल्या वळणावर बैल आडवा आला होता, कुठे टायर फुटला होता, सगळं. ड्रायव्हरही मधून मधून हसत होता.

घरी आईने वरण-भात वाढला. जेवून बाबा खाटेवर आडवे झाले. क्रिकेटचा सामना चालू होता. "आज मले काही दिसत नाही," ते अगदी खुशीत म्हणाले, "तुम्ही पाहा अन् मले सांगा." आईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. ती सांगत होती, "तो लंबा पोरगा पळून राह्यला. आता चेंडू पुसून राह्यला. आता दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला त्यानं."

"आउट झाला का?"

"ते नाही सांगता येत."

बाबा हसले आणि थोड्याच वेळात त्यांचं घोरणं सुरू झालं. आईने आवाज कमी केला. सामना कुणी जिंकला ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.