उत्तरेच्या खिडक्या

सोलापुरात घरांचे नकाशे काढणारे एक गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. मी एका शेठजींकडे बांधकामाचा कारकून होतो. कागदाला हात लावण्याआधी अप्पा मोकळ्या जागेवर दोन-चार दिवस नुसते बसून राहत. मग काठीनं मातीत रेघा ओढत, पायानं पुसत, पुन्हा ओढत.

शेठजींनी विणकरांसाठी चाळ काढली, तेव्हा अप्पा विणकरांच्या घरी मागाशेजारी जाऊन बसले. मला म्हणाले, "तुटलेला धागा दिसायला उत्तरेचा उजेड लागतो की. हरेक खोलीला तिकडं मोठी खिडकी ठेवलीय बघा."

पुढं आईच्या आजारपणात ते मैंदर्गीला गेले, ते वर्षभर तिकडंच राहिले. इकडं शेठजींना उत्तरेच्या भिंतीला लागून गोदाम हवं झालं. त्यांनी सांगितलं आणि मी नकाशावरच्या खिडक्या रबरानं पुसल्या. अप्पांना पत्र टाकावंसं वाटलं, पण नोकरीच्या भीतीनं टाकलं नाही.

अप्पा परतले तेव्हा चाळीत माणसं राहायला आली होती. एक म्हातारा विणकर भरदुपारी कंदील लावून मागावर बसला होता.

"खिडक्या कुणी काढल्या?" अप्पांनी मला विचारलं.

"मी."

ते वळले आणि म्हाताऱ्यापुढं हात जोडून म्हणाले, "चूक माजी हाय, दादा. मी हितं थांबायला पायजे होतं."

अप्पा आता नाहीत. 'हे आंधळं घर अप्पांनी बांधलं' असं चाळीतले लोक माझ्यादेखत म्हणतात आणि मी ऐकून घेतो.