कोथिंबिरीच्या काड्या कोण मोजतं?

मंडळी, ऑर्कुटवर रोज तुमचंच वाचते, आज माझं ऐका.

संध्याकाळी मी नाशिकला घरीच बायकांना इंग्रजी शिकवते. त्यातल्या सुनंदाताईंचा मखमलाबादला भाजीचा मळा आहे. तीन आठवडे त्या गप्पच बसायच्या. आज आल्या आल्या म्हणाल्या, "मॅडम, उद्यापासून नाय येणार. डोक्यात शिरतच नाय."

"आजचा धडा तरी करून जा," म्हणत मी शिकवायला सुरुवात केली. राइस, वॉटर, मिल्क यांना इंग्रजीत वन, टू लावत नाहीत. सगळ्यांचे चेहरे कोरे.

"मग दोघींसाठी पाणी मागायचं कसं?" एकीने विचारलं.

मागून सुनंदाताई म्हणाल्या, "अगं, कोथिंबिरीच्या काड्या कोण मोजतं? आपण जुड्याच मोजतो ना? तसे पाण्याचे ग्लास मोजायचे."

मी खडू त्यांच्या हातात दिला आणि बायकांत जाऊन बसले. पुढचा अर्धा तास त्यांनीच शिकवलं. तांदळाची गोणी, दुधाची पिशवी, सगळं फळ्यावर चितारलं!

निघताना म्हणाल्या, "उद्या येताना मेथी आणते."

खूप बरं वाटलं. पण तीन आठवड्यांत मी त्यांना मळ्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. तुम्हाला तुमच्या शिक्षकांनी कधी विचारलं होतं, की तुम्हाला काय येतं?