मान वर करून न बघणारा

१४ जून १९९८, रविवार. सकाळपासून मी रबराचे साचे धुवायला काढले होते. साबणाच्या पाण्यातून साचा काढायचा, उलटा करायचा, कुठे चीर पडली आहे का ते बोट फिरवून बघायचं आणि सावलीत वाळत ठेवायचा. गणपतीच्या कारखान्यात हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते मालकिणीकडे येतं. अकराच्या सुमारास रोह्याकडच्या खांब गावाहून दोन माणसं आली, एक म्हातारा आणि त्याचा जावई. म्हाताऱ्याच्या मुलाची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्याच्यासाठी ते रोह्याची एक विधवा मुलगी बघत होते. ती मुलगी म्हणजे सुमन, आमच्या सदूची बायको. सदूला जाऊन सात महिने झाले होते. सुमन नांदली होती पेणला, माझ्या डोळ्यांसमोर, म्हणून चौकशी करायला ते माझ्याकडे आले. त्यांनी काय विचारलं ते सांगण्याआधी सदू कोण होता ते सांगायला हवं.

सदानंद आमच्याकडे १९८८ साली आला. रोह्याच्या पलीकडच्या खेड्यातला, घरी आई आणि थोडी भातशेती. अंगाने दणकट, कबड्डीत पकडी करणारा, खांद्यावर जुन्या जखमेचा वण. असा गडी मूर्तीचे डोळे आखायला बसला की आम्हाला हसू यायचं, कारण ब्रश त्याच्या बोटांत दिसायचाच नाही. पण पहिल्या आठवड्यात त्याने दाखवून दिलं. आखणी करताना तो श्वास धरायचा. एक डोळा, एक श्वास. मध्ये कुणी काही विचारलं तर उत्तर नाही. मोठी मूर्ती असली की आधी हात धुऊन यायचा आणि सगळ्यांना सांगायचा, "आता कुनी शिंकायचं नाय. शिंक आली तर भायेर जावा, देवाचा डोळा तिरळा झाला तर तुमच्याकडंच बघंल जल्मभर."

पुसून पुन्हा आखणं त्याला मान्य नव्हतं. "रंग निघतो, वैनी. खाली डाग ऱ्हातोच," असं म्हणून तो बिघडलेली मूर्ती सरळ बाजूला ठेवायचा. मी चिडायचे. तो ऐकून घ्यायचा आणि तसंच करायचा.

आमच्याकडे मोरू नावाचा एक कारागीर होता, अजूनही आहे. गावच्या नाटकात बाईचं काम करायचा, आवाज बारीक, चालताना कमरेवर हात. त्याच्यावरून कारखान्यात रोजची चेष्टा. "मोऱ्या, आज साडी कुठली नेसनार?" असं कुणी विचारलं की मोरू म्हणायचा, "तुझ्या बायकोची. धुऊन दे, मागच्या येळंला वास मारत व्हती." सगळ्यांची खात्री होती की मोरू 'तसला' आहे. आपल्याला माणूस चालीवरून कळतो, असं प्रत्येक जण छातीवर हात मारून सांगायचा. मोरूला तेव्हा तीन मुलं होती, पुढे चौथं झालं. त्याची बायको त्याला आठवड्यातून दोनदा दारात उभी राहून शिव्या घालायची आणि तो तिच्यासाठी बाजारातून न चुकता गजरा न्यायचा. सदूबद्दल मात्र कधी कुणाच्या मनात काही आलं नाही.

मला कळलं ते त्याच्या न बघण्यावरून. मूर्ती न्यायला नागोठण्याचा दिलीप टेम्पो घेऊन यायचा. मोठा बडबड्या, शिट्टी वाजवत मागे घेणारा. टेम्पो गल्लीत वळला की कारखान्यातल्या सगळ्या माना वर व्हायच्या. इतका आवाज झाल्यावर माणूस बघतोच. सदू तेवढा बघायचा नाही. ब्रश मूर्तीपासून बोटभर अंतरावर थांबायचा आणि टेम्पो भरून निघून जाईपर्यंत तिथेच असायचा. दिलीप स्वतः जवळ येऊन "काय पैलवान, बरं हाय ना?" म्हणाला तरी सदू "हाय" एवढंच म्हणायचा, तेही मूर्तीकडे बघून. मला वाटलं, यांचं भांडण आहे. मग एकदा दिलीपला ताप आला आणि तीन आठवडे दुसराच माणूस टेम्पो घेऊन आला. सदूने पहिल्या दिवशी मान वर केली, दुसऱ्याही दिवशी केली. तेव्हा मला कळलं.

असं खरंच कळतं का, या प्रश्नाचं माझ्याजवळ पक्कं उत्तर नाही. लोक म्हणतात तसं चालीवरून, आवाजावरून कळत नाही, एवढं मोरूमुळे शिकले. पण माणूस नजर झाकायला जे कष्ट घेतो ते दिसतात. बाईला जास्त दिसत असावेत, कारण नजर झाकायची सवय आम्हाला फ्रॉकमध्ये असल्यापासून लावलेली असते. जे कळलं त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. गावात जे शब्द होते ते तोंडात घेण्यासारखे नव्हते. म्हणून मी गप्प राहिले. त्याचं काम उत्तम होतं, तो कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. गप्प राहणं म्हणजे चांगुलपणा, असं मला तेव्हा वाटायचं.

१९९४ च्या एप्रिलात त्याच्या आईने रोह्याची मुलगी पसंत केली. मुलीचे वडील धाटावच्या कंपनीत फिटर. ते चौकशीला यायच्या आदल्या दुपारी सदू माझ्यापाशी आला.

"वैनी, उद्या रोह्याची मान्सं येतील. एक काम करा. सांगा की मी पितो."

"तू पितोस?"

"नाय. पन सांगा. मटका खेळतो म्हना. काय पन सांगा."

"अरे, मुलगी नको असेल तर आईला सांग ना."

"चार वर्षं सांगतोय. ती इचारते, का नको? काय सांगू?"

एवढं बोलून त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्या बघण्यात सगळं होतं, आणि मला ते माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. मी म्हटलं, "बघू."

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आणि मामा आले. वडिलांना सगळे भाऊ म्हणायचे. सरळ माणूस, मुलीची काळजी चेहऱ्यावर. मी चहा दिला. त्यांनी विचारलं, पितो का. मी म्हटलं, थेंब नाही. पत्ते, मटका? नाही. तापट आहे का? आवाज चढवलेला ऐकला नाही. मग भाऊंनी कप खाली ठेवला आणि जरा अवघडून विचारलं, "आनि बायकांच्या भानगडी? म्हंजे, तुमच्याकडं कामाला पोरी असतात."

मी म्हटलं, "भाऊ, सहा वर्षं झाली. इथे इतक्या मुली रंगकामाला येतात. त्याने एकीकडेसुद्धा मान वर करून बघितलेलं नाही."

भाऊंचे डोळे भरून आले. म्हणाले, "बस. आता काय इचारायचं राह्यलं नाय."

मुलाच्या चौकशीत याहून मोठी शिफारस आमच्याकडे नाही. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. का बोलले तसं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खोटं सांगितलं असतं तर दारुडा म्हणून त्याचं नाव पंचक्रोशीत झालं असतं, हे एक. लग्न झालं की माणूस मार्गाला लागतो, असं मीही मानत होते, हे दुसरं. आणि तिसरं, लग्न झालेला कारागीर पेण सोडून जात नाही. आखणीचा तसा हात मला दुसरा मिळाला नसता. तिन्ही कारणं खरी आहेत, आणि तिसरं सगळ्यांत खरं.

होकार आल्याचं कळलं तेव्हा सदू ब्रश धूत होता. म्हणाला, "वैनी, तुमी खरं बोललात." आणि ब्रश धूत राहिला.

सुमन हसरी होती. दागिन्यांचा सोनेरी रंग द्यायला कारखान्यात यायला लागली, मोरूशी तिची गट्टी जमली. सहा महिन्यांनी एक दिवस माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "वैनी, मी दिसायला वाईट हाय का?"

"नाही गो. असं का विचारतेस?"

"ते चांगले हायत. लय चांगले. पाय दुखले तर तेल तापवून देतात. आजारी पडले तर भात करून भरवतात. भाऊ बहिनीला जपतो ना, तसं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गल्लीत टेम्पो वळला. सगळ्यांनी टेम्पोकडे बघितलं. सुमनने सदूकडे बघितलं. ब्रश बोटभर अंतरावर थांबलेला तिने पाहिला, टेम्पो जाईपर्यंत पाहत राहिली. मग खाली मान घालून मुकुटाला सोनेरी रंग द्यायला लागली. त्या दिवसानंतर तिने मला काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सदू प्यायला लागला. ज्याच्या बापजाद्यांत कुणी प्यायलं नव्हतं, तो दुपारी जेवायला म्हणून जायचा आणि वास घेऊन यायचा. मी ओरडले. म्हणाला, "तेवा सांगितलं असतंत तर फक्त नाव झालं असतं." हात कापायला लागला. एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीचा डावा डोळा खाली उतरला, तेव्हा मी त्याला आखणीवरून काढून अंगाच्या रंगाला बसवलं. म्हणाला, "बरोबर केलंत." त्याच्या तोंडून तक्रार आली असती तर मला बरं वाटलं असतं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर त्याला कावीळ झाली. सरकारी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा पांढरं असायला हवं ते सगळं पिवळं झालं होतं. सुमन पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा म्हणाला, "तिचं परत लगीन करा. ती हाय तशीच हाय, वैनी. कुनी इचारलं तर सांगा. माझं नाव गेलं तरी चालंल." चार दिवसांनी तो गेला. दिलीप खांदा द्यायला आला होता. रडला. मित्र गेल्यावर रडतात तसं. त्याला शेवटपर्यंत काही कळलं नसावं.

सुमन रोह्याला बापाकडे गेली. तिथे भावजय तिला ऐकवायची, "साडेतीन वर्षांत पाळणा हलला नाय, आनि नवरा पन गिळला." मला भेटली तेव्हा म्हणाली, "मला एक पोर हवं, वैनी. घर कसं पन असू दे." खांबचं स्थळ त्यासाठी होतं. आमच्या लोकांत विधवेचा पाट लागतो, त्यात कमीपणा नाही. अडचण एकच होती, आणि म्हाताऱ्याने त्या रविवारी चहाचा पहिला घोट घेऊन तीच विचारली.

"पोरगी चांगली, ते सगळे सांगतात. पन मूल नाय झालं. तिच्यात काय दोष?"

"तिच्यात काही दोष नाही."

"मग?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मेलेल्या माणसाने त्याची परवानगी देऊन ठेवली होती. समोर मोरू मूर्तीला रंग देत होता, आणखी पाच-सहा माणसं कान देऊन होती. सदूचं नाव उद्यापासून याच तोंडांत कसं फिरेल ते मला ऐकू आलं. मी म्हटलं, "तो प्यायचा."

जावई हसला. "पिनाऱ्यांना पोरं व्हत नायत व्हय? आमच्या गावात त्यांनाच जास्त हायत." म्हाताराही हसला. चहा संपवून, "बघू," म्हणून ते उठले.

संध्याकाळी रोह्याहून भाऊंचा फोन आला. "खांबवाल्यांनी नको सांगितलं. वैनी, तुमी काय बोललात त्यांना?"

"चांगलंच बोलले, भाऊ."

"चांगलं तर तुमी मागं पन बोलला व्हतात," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी खांबला गेले. म्हातारा ओटीवर दात घासत होता. त्याला मी सगळं सांगितलं, जे शब्द मिळाले त्या शब्दांत. सुमनला कुणी हात लावलेला नाही, दोष तिचा नव्हता, सदूचं मन बाईकडे नव्हतंच. त्याने चूळ भरली आणि तांब्या खाली ठेवला.

"तुमाला हे त्यानं सांगितलं?"

"शब्दात नाही सांगितलं. मला कळलं होतं. लग्नाच्या आधीपासून."

"कळलं! कसं कळलं?"

मी टेम्पोचं सांगितलं. तो बघायचा नाही, म्हणून कळलं. बोलतानाच मला ऐकू येत होतं की हे किती पोकळ वाटतंय.

"बाय," म्हातारा म्हणाला, "कबड्डी खेळनारा गडी व्हता तो, मी बघितलाय त्याला मैदानात. मेलेल्या मान्सावर असला आळ घेताना लाज नाय वाटत? आनि कळलं व्हतं तर त्या पोरीच्या गळ्यात बांधला कशाला?"

त्याच्या दुसऱ्या सुनेने पाणी आणून दिलं, ते प्यायले. हायवेवर येऊन रोह्याची गाडी धरली. मी खांबला काय बोलून आले ते सुमनला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मला तिच्या दारात पोहोचायचं होतं.