पायाळूचा पाय

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी जन्मभर वेड्यात काढलं. आता तुम्ही मला काढा, हरकत नाही... पण हे माझ्या हातात घडलं.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा मी दर्यापूरच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा का निखळतो, यावर माझा अभ्यास चालू होता. गंगू माळीण माझी जुनी पेशंट. वांग्यांची पाटी घ्यायला हात वर केला की खांदा बाहेर! काखेत टाच लावून मी हात ओढायचा, तो बसायचा, आठवड्यात पुन्हा निसटायचा. शेवटी सांध्याचं सैल आवरण शिवून घट्ट करायला तिला अमरावतीला न्यायचं ठरलं. सासूचं मात्र एकच पालुपद — पायाळूची लाथ! पायाकडून जन्मलेल्याचा पाय लागला की लचक जाते, ही आपल्याकडची समजूत. मी ते कधी होऊ दिलं नाही.

निघायच्या सकाळी मी तिला न्यायला घरी गेलो, तर खांदा निखळलेला. आणि समोरून तिरडी आली... गावातला एकुलता एक पायाळू म्हातारा मेला होता. सासूनं तिरडी उतरवायला लावली, गंगूला शेजारी आडवं केलं आणि मढ्याची टाच तिच्या काखेत दिली.

शी! काय तो पाय... सुजून काळानिळा, भेगांत शेण, बोटांत पू, वर माशा. गंगू तोंड फिरवून ओकत होती.

"लाज आहे का तुम्हाला?" मी ओरडलो.

"तुमी कितीकदा बसवला? टिकला का?" सासू म्हणाली. "घंटाभरात याची राख होऊन जाईन, मंग कोनाचा पाय लावू?"

मी पाय बाजूला करायला घोटा धरला. अंग लाकडासारखं ताठलेलं. तरी तो गुडघा वाकला... आणि ताडकन सरळ झाला. खट्! खांदा बसला. कातडी सोलेपर्यंत मी कार्बोलिकनं हात धुतले, तरी दोन दिवस अन्न गेलं नाही.

ऑपरेशन राहिलं. खांदा नंतर कधीच निखळला नाही.

दिवाळीनंतर गंगू छोट्या पोरीला घेऊन आली. हात सहज डोक्यावर नेऊन दाखवला. मी खूश... तर ही रडायला लागली.

"डाक्टर, हा परत काढून द्या जी. पोरगी या कुशीत झोपत नाई. थंडगार लागते म्हनते... वास येते त्याले."

मी हुंगलं. हुंगायला नको होतं. तोच पू, तेच शेण... बाहेर जाऊन ओकलो. मग परत येऊन, अभ्यासबिभ्यास गुंडाळून, तो हात मागे पिरगाळला. जीव खाऊन! सांधा जागचा हलला नाही.

का, ते आजही मला सांगता येत नाही. गंगू डोळे पुसून उठली. पोर वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिकडचा हात धरला.