दिराचं इंजिन

माझी मावशी स्वभावाने गरीब आहे असं जो म्हणतो, त्याने तिच्यासमोर तिच्या दिराचा विषय काढून बघावा. जुन्या मोटरसायकलींच्या इंजिनांचे भाग ती रंगासाठी साफ करून देते आणि त्यांच्यावर फवारा मी मारते. मालक एकच, खोल्या शेजारशेजारच्या. शेवटचं धुणं झालेल्या भागाला उघडा हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. मालकांनी लावला तरी ती तो भाग मुकाट्याने पुन्हा टाकीत टाकते.

हे तिला काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने शिकवलं. काका आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून दुकान चालवायचे. धाकट्याला चकाकीचा भारी सोस. काकांनी धुऊन सुकवलेल्या भागांवर तो त्यांच्या माघारी तेलकट फडकं फिरवायचा. भाग चमकायचे, गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि इंजिन चार वेळा तापलं की रंगाची सालं निघायची. मावशीने ते फडकं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिचं ऐकतो कोण! दीर मात्र बाजारभर सांगत सुटला, "दादाचा हात गेला आता." चोराच्या उलट्या बोंबा. काकांना ते इतकं लागलं की त्यांनी दुकान सोडलं आणि तो डाग घेऊनच गेले. मला त्या माणसाचा अजून संताप येतो.

गेल्या वर्षी एक मेकॅनिक आमच्याकडे इंजिन घेऊन आला आणि बोलण्याच्या ओघात सगळं ओकला. इंजिन दिराच्या स्वतःच्या गाडीचं होतं, त्याने ते गुपचूप पाठवलं होतं. त्याला ते जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मांडायचं होतं, पण त्याने दिलेला रंग टिकत नव्हता.

मेकॅनिक गेल्यावर मी म्हणाले, "मावशी, लाव एक तेलकट पंजा. भर प्रदर्शनात रंग सुटू दे."

"आणि नाव जाईल मालकांचं. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती म्हणाली. "मी हे असं करून देते की बघणाऱ्याची नजर हलणार नाही. भावोजींना बढाई मारल्याशिवाय जेवण जात नाही. चढू देत हरभऱ्याच्या झाडावर."

तिने दातओठ खात काम केलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या फटींतली काजळी तारेच्या ब्रशने काढली, भोकांत रबरी बुचं बसवली, पॅकिंग बसतं त्या कडांवर रंग जाऊ नये म्हणून टेप लावली. धुऊन झाल्यावर वरून पाणी ओतलं. पाणी एकसंध पसरलं तर भाग स्वच्छ, थेंब धरले तर कुठेतरी तेल आहे. एका कोपऱ्यात थेंब धरले, तिने सगळं पुन्हा धुतलं. एवढ्या रागाने कुणी कुणाचं इतकं चांगलं काम केलेलं मी पाहिलेलं नाही.

प्रदर्शनात गर्दी जमली आणि दीर म्हणाला, "हे माझं स्वतःचं काम." झालं! इंजिनांची रीघ लागली त्याच्या दारात. त्याने सगळी रंगवली आणि सगळ्यांचा रंग सुटला. गिऱ्हाइकं शिव्या घालू लागली तेव्हा नाक मुठीत धरून तो आमच्याकडे आला. मालक, तो मेकॅनिक, दोन-तीन दुकानदार तिथेच उभे होते.

"वहिनी, घरातली गोष्ट आहे, आत बसून बोलू."

"घरातली गोष्ट तुम्ही बाजारात नेलीत, भावोजी. इथेच बोला. काय काय करता, सांगा."

"सगळं दादासारखंच. धुतो, सुकवतो, मग जरा तेलाचं फडकं मारून चमकवतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. दादाला चालायचं नाही, म्हणून त्याच्या माघारी."

मेकॅनिक आ वासून बघत राहिला. "अहो, तेलावर रंग धरतो होय? म्हणजे तेव्हाचे ते सगळे रंग तुमच्यामुळे गेले?"

दिराचा चेहरा पडला. तो खरंच इतकी वर्षं त्या फडक्याला आपली हुशारी समजत होता.

"मी यांना सांगितलं होतं फडक्याचं," मावशी म्हणाली. "तर माझ्यावरच चिडले. 'माझा भाऊ असं करणार नाही' म्हणाले. शेवटपर्यंत तेच म्हणत होते."

दीर तिथेच खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडायला लागला. दुकानदारांनी माना खाली घातल्या. मावशीला दया आली का? मुळीच नाही. तो उठून जाईपर्यंत ती समोर उभी राहून बघत होती, आणि मीही.